कोब्याची तहान

तेलगावात तेलाचा डाग, यातला विनोद मामीला अजिबात रुचला नाही. मामाने दिवाळीच्या तोंडावर अंगणात कोबा करून घेतला होता. महिनाभरातच ट्रॅक्टरच्या चेंबरमधून ठिबकलेल्या ऑइलने त्यावर भाकरीएवढा काळा डाग पाडला. मामीने तो घासणीने घासला, मग तारेच्या ब्रशने, मग साबण-सोडा टाकून. मी गेलो तेव्हा भाकरीची परात झाली होती.

"दोन पुडे सोडा संपला बघ, पण ह्यो जागचा हलंना," मामी म्हणाली. "उलट पसरलाय."

उलट पसरलाय, या दोन शब्दांत काँक्रीटचं अर्धं शास्त्र आहे.

तेलगावला डागांची वानवा नाही. बीड-परळी रस्ता आणि धारूर-माजलगाव रस्ता इथे एकमेकांना छेदतात. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना इथलाच. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, त्यांचं डिझेल ठिबकतं, चहाच्या टपरीपुढे चहा सांडतो, भज्याच्या गाड्याखाली कढईतलं तेल उडतं, आणि २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी असूनही कोपरे लालच राहतात. खामगाव-पंढरपूर महामार्ग सिमेंटचा झाला आणि या सगळ्याला एक लांबलचक पांढरी पाटी मिळाली. डांबरावर हे डाग कुणाला दिसत नव्हते.

मामीला मी चमचाभर पाणी आणायला लावलं. डागापासून दूर, स्वच्छ कोब्यावर एक थेंब सोडला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. आधी तो फुगीर भिंगासारखा चमकत होता. मग कडा बसल्या, भोवती काळपट वलय उमटलं, आणि मिनिटभरात थेंब नाहीसा झाला. वाळला म्हणावं तर सावलीत इतक्या लवकर पाणी वाळत नाही. कोब्याने तो पिऊन टाकला होता. मामीने वाकून बोटाने चाचपलं. "दगडानं पाणी पिलं व्हय?" तिने विचारलं.

हा दगड नव्हेच. ५० किलोच्या एका सिमेंटच्या गोणीचा हिशोब केला की ते कळतं. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण म्हणतो, पण ते चूक आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होतं. या संयोगात कायमचं अडकणारं पाणी सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग असतं, म्हणजे गोणीमागे बाराएक लिटर. पण बारा लिटरमध्ये कालवलेला माल फावड्याला हलत नाही. थापीखाली सरकावा म्हणून गवंडी त्यात पंचवीस, कधी तीस लिटर ओततो. माल जितका ढिला, तितकं काम हलकं. हे जास्तीचं पाणी नंतर निघून जातं आणि जाताना आपल्या वाटा मागे ठेवून जातं. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या रुंद असलेल्यांपासून ते कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्यांपर्यंत, लाखो वाटा. गुळगुळीत घोटलेला, वरून नीरू मारून आरशासारखा केलेला कोबा म्हणजे आतून या वाटांचं वारूळ आहे.

अरुंद वाटेत द्रव आपोआप चढतो. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं, तसाच. ऑइल कुणाला आत ढकलावं लागत नाही, कोबाच ते ओढून घेतो. म्हणजे डाग कोब्यावर पडलेलाच नसतो. तो कोब्यात असतो, कधी काही मिलिमीटर खोल, आणि आपण वरचं झाकण घासत बसतो. साबण तेलाला पाण्यात मिसळतो हे खरं, पण मामीने बादलीभर पाणी ओतलं तेव्हा ते पातळ झालेलं तेल वर येण्याऐवजी आजूबाजूच्या कोरड्या वाटांत शिरलं. भाकरीची परात झाली ती अशी. तारेच्या ब्रशने तर वरची घोटीव साय खरवडली आणि खालच्या वाटांची तोंडं मोकळी केली.

धुतल्यावर गेलेला डाग चार दिवसांनी परत आला, असंही मामी म्हणत होती आणि घरात कुणी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतं. तिचं खरं होतं. वरचा थर स्वच्छ झाला की ऊन लागून तो कोरडा पडतो, आणि कोरड्या वाटा तहानलेल्या असतात. खालचं तेल पुन्हा वर ओढलं जातं. हीच तहान पुढे आमच्या कामी आली, पण त्याआधी कोब्याच्या पोटात आणखी काय आहे ते सांगायला हवं.

सिमेंट आणि पाण्याच्या संयोगातून चुना तयार होतो. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये वजनाने जवळपास पाचवा हिस्सा हा चुनाच, आपला पानाला लावायचा चुना. त्यामुळे ताजं काँक्रीट कमालीचं अल्कधर्मी असतं. आता लग्नघरचं अंगण आठवा. नव्या कोब्यावर हळदीचा पाट मांडतात, हळद सांडते, आणि संध्याकाळपर्यंत पिवळ्याचा लालभडक होतो. चुना आणि हळद एकत्र झाली की लाल रंग येतो, घरोघरी कुंकू याच ओळखीवर बनत आलं. म्हणजे नवा कोबा सांडलेल्या हळदीचं कुंकू करतो! जांभळाचा रस सांडला तर उलटी गंमत. तोंडात जांभळा असलेला रंग चुन्याच्या संगतीत निळसर, मग हिरवट होतो. जुन्या कोब्यावर ही जादू फिकी पडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं वरच्या चुन्याशी जुळून त्याचा खडू करून टाकतो आणि अल्क उतरतो. अभियंते जुन्या पुलांच्या खांबांवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडून हेच पाहतात. जिथे गुलाबी झालं तिथे चुना शाबूत, जिथे रंगच आला नाही तिथे त्याचा खडू झालेला.

हळदीच्या डागाला औषध एकच, ऊन. हळदीचा रंग उजेडात मोडून पडतो. आठवडाभर कळ काढायची, बस. या एका डागासाठी घासणीला हात लावणारा माणूस उतावळा.

चुन्यामुळेच आम्ल हे काँक्रीटचं औषध नसून विष आहे. हार्डवेअरच्या दुकानात बाटलीतून मिळणारं फरशीचं ॲसिड कोब्यावर ओतलं की पांढरा फेस फसफसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मळ निघतोय. तो फेस मळाचा नाही. कोब्याचाच वरचा थर विरघळून त्यातला वायू सुटत असतो. डाग फिका दिसतो, कारण डागाखालची जमीनच निघून जाते. मग खडी उघडी पडते, पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि पुढचा डाग दुप्पट वेगाने आत शिरतो. लिंबाची फोड कोब्यावर तासभर पालथी पडली तरी तिची गोल खूण राहते. आमच्या ओट्यावर अशी एक आहे, कुठल्याशा नागपंचमीची.

भज्याच्या गाड्याकडे वळू. ट्रॅक्टरचं काळं ऑइल जास्त वाईट की कढईतलं करडीचं स्वच्छ तेल? कुणीही ऑइल म्हणेल. पण जमिनीतून काढलेलं खनिज तेल काँक्रीटला फक्त रंगवतं, त्याच्याशी भांडत नाही. खाद्यतेल भांडतं. तेल आणि अल्क मिळून साबण होतो. कोब्यातला चुना तेलाशी संयोग पावत हळूहळू चुन्याचा साबण बनवतो, आणि वर्षानुवर्षं तेल पिणारा कोबा भुसभुशीत होऊ लागतो. गाड्याखालची जमीन बोटाच्या नखाने खरवडते, ती याच कारणाने.

आणि साखर! तेलगावात राहून साखरेबद्दल न बोलणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाला न भेटणं. ५० किलोच्या गोणीत सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे दोन कप चहाची साखर पडली, तर सिमेंट घट्ट व्हायला काही तासांचा उशीर होतो. अर्धा किलो पडली तर ते जवळजवळ घट्टच होत नाही. मिक्सरचं यंत्र मधेच बंद पडलं आणि आतला माल दगड व्हायची वेळ आली, तर त्यात साखर टाकतात, ही अफवा नाही. साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांना चिकटून पाण्याची वाट अडवतात. घट्ट झालेल्या काँक्रीटलाही साखर सोडत नाही. पाक किंवा मळी सांडत राहिली तर साखर चुन्याला पकडते आणि पाण्याबरोबर बाहेर काढते. कारखान्यात आणि गुऱ्हाळात माणूस उसाच्या रसात चुना घालून रस निवळतो, तोच खेळ इथे उलटा चालतो. रस जमिनीवर सांडला की जमिनीतला चुना काढून नेतो. गोड पदार्थाच्या कारखान्यांत जमिनीला वेगळे संरक्षक थर द्यावे लागतात ते म्हणूनच. उसाच्या रसाच्या गाड्याखालचा चिकट काळा डाग मात्र घाबरण्यासारखा नाही. साखर पाण्यात विरघळते. गरम पाणी वेळेवर ओतलं की संपलं.

आता मामीचा डाग.

आत शिरलेलं बाहेर काढायचं तर रगडून उपयोग नाही. कोब्याहून जास्त तहानलेलं काहीतरी त्याच्यावर ठेवायला हवं. द्रव रुंद वाटेतून अरुंद वाटेकडे जातो, हा नियम पक्का आहे. म्हणजे कोब्यातल्या वाटांपेक्षा बारीक वाटा असलेली भुकटी हवी. घरातल्या बायकांना हे तत्त्व ठाऊक आहे, फक्त फोडावर. केसतोडाला जवसाचं पोटीस बांधतो तसंच. जगभर जुन्या वास्तूंची निगा राखणारे लोक दगडावरच्या डागांना लेपच लावतात, आणि इंग्रजीत त्याला नाव तेच आहे ज्यावरून आपला 'पोटीस' शब्द आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९९४ पासून ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवराला मुलतानी मातीचा लेप लावायला सुरुवात केली. पातळ थर, वर प्लास्टिकचा कागद, वाळल्यावर धुवायचं. बायका चेहऱ्याला लावतात, तोच लेप.

मुलतानी मातीत हे सामर्थ्य कुठून येतं? तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या घराण्यातली माती असते. या खनिजाचे कण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. पाणी पानापानांत शिरतं, वही फुगते. पाणी गेलं की वही मिटते. एका ग्रॅम शुद्ध माँटमोरिलोनाइटची सगळी पानं उलगडून पसरली तर क्षेत्रफळ सातशे चौरस मीटरच्या घरात जातं. गुंठा म्हणजे सुमारे एकशे एक चौरस मीटर. एका ग्रॅममध्ये सात गुंठे! सहा ग्रॅम, म्हणजे चमचाभर माती, आणि त्यात एकरभर जमीन. बांधाच्या वितीवरून भाऊबंदकीत कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांनी हे ऐकलं तर काय करतील कोण जाणे.

आणि हे खनिज आणायला मुलतानला जायची गरज नाही. काळ्या दगडाच्या झिजेतून झालेली आपली काळी माती याच घराण्यातल्या खनिजांनी भरलेली आहे. वैशाखात शेताला हात जाईल अशा भेगा पडतात आणि मृगाच्या पावसात त्या मिटतात, तेव्हा रानभर हीच वही उघडत-मिटत असते. कापसाला पाऊस गेल्यावरही ओल पुरवते तीही हीच. मामी म्हणाली, लहानपणी त्या सगळ्या जणी काळ्या मातीने डोकं धुवायच्या, केसाचा तेलकटपणा निघून जायचा. तिला उत्तर आधीपासून माहीत होतं, फक्त प्रश्न कोब्याचा असेल हे माहीत नव्हतं.

"पण काळ्या डागाला काळी माती?" तिने विचारलं. शंका रास्त होती. म्हणून डागाचे दोन भाग केले. एकावर दुकानातली मुलतानी, दुसऱ्यावर रानातली माती, चाळून.

ऑइल पाण्यात विरघळत नाही, म्हणून लेप पाण्यात कालवून भागत नाही. आम्ही हार्डवेअरमधून टर्पेंटाईन आणलं, बिडीवाल्या मामाला अंगणातून हाकललं, आणि उघड्या हवेत, हातात रबरी मोजे घालून दोन्ही माती घट्ट पिठल्याएवढ्या कालवल्या. नुसता लेप वाळताना भेगाळून कोब्यापासून सुटतो आणि सुटला की ओढणं थांबतं, म्हणून त्यात वर्तमानपत्राचा कोरडा चुरा मिसळला. बोटाच्या पेराएवढा थर डागाच्या कडेबाहेर चार बोटं जाईल असा लावला. वर प्लास्टिक, कडेने विटा. पहिल्या दिवशी दिवसभर प्लास्टिक ठेवायचं, म्हणजे टर्पेंटाईन न उडता खाली उतरतं आणि वाटांतल्या ऑइलला पातळ करतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढायचं. मग टर्पेंटाईन वरच्या बाजूने उडू लागतं, त्याच्या मागोमाग खालचं द्रव लेपात चढत राहतं, टर्पेंटाईन हवेत जातं आणि ऑइल मातीच्या पानांत अडकून पडतं. घासणीला या सगळ्यात काही काम नाही. डागाने आपल्या पायांनी बाहेर यायचं असतं.

वाट पाहायच्या त्या दोन दिवसांत शेजारणी आल्या आणि प्रत्येकीने आपला डाग आणला. पानाच्या पिचकारीचा लाल रंग कातातून येतो, आणि तो रंग खुलतोच चुन्याबरोबर. कोब्यात चुना आयता असल्याने पिचकारी तिथे माहेरपणाला आल्यासारखी राहते. असे वनस्पतींचे रंग मोडायला ब्लीच लागतं. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर पाण्यात कालवून लावली आणि नंतर भरपूर धुतली, तर रंग बराच उतरतो. पण तिच्याबरोबर फरशीचं ॲसिड चुकूनही मिसळायचं नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो. हे मी त्या दिवशी तीन वेळा सांगितलं, इथेही सांगतो.

टाकीच्या पायाशी असतो तो गंजाचा तांबूस डाग वेगळ्या जातीचा. तिथे लोखंडाला मिठीत घेऊन पाण्यात नेणारं काहीतरी हवं. ऑक्झॅलिक आम्ल ते काम करतं. ते विषारी आहे, मोजे घालून वापरायचं आणि धुऊन टाकायचं. पण त्याची चव आपल्या जिभेला अनोळखी नाही. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या रानातून गेलं की पायाला जी आंब लागते, आणि पानं चाखली की तोंड आंबतं, त्या आंबेत मॅलिक आम्लाबरोबर थोडं ऑक्झॅलिकही असतं. भिंतीच्या तळाशी येणारा लोणा हा तर डागच नव्हे. आतले क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी उडालं की भिंतीवर बसतात. पाणी टाकून धुतलं की नवे क्षार आणायला आपणच गाडी पाठवल्यासारखं होतं. कोरड्या ब्रशने झाडायचा आणि ओल कुठून येते ते शोधायचं.

आणि हे सगळं टाळायचं असेल तर? गवंड्याच्या हातातली बादली आवरायची, आणि कोब्याला पाणी मारायचं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस. ही राख शेजारच्या परळीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांतली. ती सुटा चुना खाऊन त्याचा चिवट गोंद करते आणि वाटा बुजवते. मामाने दोन दिवस पाणी मारलं होतं. टँकरच्या गावात कोब्यासाठी पाणी मागायला तोंड होत नाही, हेही खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेप भाकरीसारखा कडक झाला होता. मामीने उलथन्याने कड उचलली आणि तुकडा उलटा केला. मुलतानीची खालची बाजू काळीकुट्ट, वरची पांढरी. मधे रंगाची रेघ इतकी स्पष्ट होती की ऑइल कुठवर चढलं ते बोटाने मोजता येत होतं. रानातल्या मातीनेही ऑइल ओढलं होतं, पण ती मधून तडकली होती आणि तडकलेल्या जागी खाली डागाच्या रेघा तशाच उरल्या. शिवाय तिने आपला तपकिरी रंग मागे ठेवला, तो दोन धुण्यांत गेला. मुलतानीखालचा डाग काळ्याचा राखाडी झाला होता. दुसऱ्या लेपानंतर तो नव्या माणसाला दाखवावा लागेल इतका फिका पडला.

ऑइल प्यालेल्या त्या खपल्या मामा उकिरड्यावर टाकायला निघाला होता. उकिरडा शेवटी शेतात जातो, म्हणून मामीने त्याला परत बोलावलं आणि त्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्या. ट्रॅक्टर अजून गळतोच. त्याच्या चेंबरखाली आता एक जुनं घमेलं असतं, आणि घमेल्याच्या तळाशी चाळलेली काळी माती.